तरुण खेळाडूला फसवणुकीपासून दूर कसे ठेवावे: पालक आणि प्रशिक्षकांसाठी

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेचा शेवटचा दिवस सुरू होता. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, म्हणजे ‘नाडा’चे, अधिकारी चाचणीसाठी आल्याची कुणकुण लागली आणि खेळाडू एकेक करून मैदानातून निघून गेले. पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. कनिष्ठ गटातील स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीची, एक धावपटू शर्यत संपल्यावरही न थांबता धावत सुटली आणि नमुना घेण्यासाठी अधिकाऱ्याला तिच्या मागे पळावे लागले. ही बातमी अनेकांनी हसून वाचली. मला मात्र कितीतरी दिवस त्या मुलीचे वय आठवत राहिले, कारण त्याच वयाच्या मुलामुलींना मी गेली बावीस वर्षे तालुक्याच्या ठिकाणी धावायला शिकवतो आहे.

त्या वयात कोणीही एका रात्रीत फसवणूक करायचे ठरवत नाही, असे माझे अनुभवाचे मत आहे. विश्वासातला कोणीतरी माणूस अडचणीच्या वेळी एक गोळी, एक डबा किंवा एक दाखला हातात ठेवतो आणि ‘नाही’ म्हणण्याची सवय नसल्यामुळे मूल ते घेते. ही सवय अडचण येण्यापूर्वी कशी लावावी, घरी आणि मैदानावर काय पाहावे, काय विचारावे आणि काय लिहून ठेवावे, हे पुढे सविस्तर सांगितले आहे.

आधी कारण समजून घ्या

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या बेन जॉन्सनने १०० मीटरची शर्यत ९.७९ सेकंदांत जिंकली आणि स्टॅनोझोलॉल हे स्नायू वाढवणारे स्टेरॉइड सापडल्याने तीन दिवसांत त्याचे पदक काढून घेतले गेले. पुढच्या वर्षी कॅनडाच्या सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगापुढे त्याचे प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांनी सविस्तर साक्ष दिली. जगातले आघाडीचे सगळे धावपटू ही औषधे घेतात, त्यामुळे न घेणारा माणूस आरंभरेषेवरच मागे पडलेला असतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मी हे उदाहरण मुद्दाम पहिले घेतो, कारण इतका अभ्यासू प्रशिक्षक आपण अन्याय करत आहोत असे न मानता, आपल्या मुलाला इतरांच्या बरोबरीत आणतो आहोत असे मानत होता. आपल्याकडच्या मैदानांवर हेच वाक्य ‘सगळेच घेतात रे’ एवढ्या साध्या शब्दांत ऐकू येते आणि मुलाच्या मनातला विरोध ते एका दमात संपवते.

दुसरे कारण विश्वासाचे आहे. पूर्व जर्मनीत १९७० आणि १९८० च्या दशकांत सरकारी योजनेनुसार अल्पवयीन जलतरणपटू मुलींना निळ्या गोळ्या जीवनसत्त्वे म्हणून दिल्या जात होत्या. त्या स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या. मुलींचे आवाज घोगरे झाले आणि अनेकींना पुढे आयुष्यभर आजारपण सोसावे लागले. त्यांनी प्रश्न का विचारला नाही, असे आज आपण सहज म्हणू शकतो. परंतु आपल्या गावात ‘सरांनी दिले आहे’ म्हटल्यावर किती मुले डब्यावरचा कागद वाचतात, याचा प्रत्येकाने स्वतःशी विचार करावा.

तिसरे कारण पोटाचे आहे आणि महाराष्ट्रात तेच सर्वांत मोठे आहे, असे मला वाटते. शासकीय नोकरीतले खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण, दहावी-बारावीचे वाढीव गुण, पोलीस भरतीतली धावण्याची चाचणी, या सगळ्यांमुळे एका पदकावर किंवा काही सेकंदांवर घराचे भवितव्य टांगलेले असते. ज्या बापाने मुलाच्या खुराकासाठी म्हैस विकली, त्याच्या मुलाला हरण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. त्या भीतीला नुसत्या नीतिपाठाने उत्तर देता येत नाही.

या तिन्ही कारणांना धार येते ती काही ठरावीक वेळी: दुखापतीतून परत येताना, सोळा-सतराव्या वर्षी वेळ सुधारायची थांबते तेव्हा, निवड चाचणीच्या आधीच्या महिन्यात आणि कुस्ती किंवा बॉक्सिंगमध्ये वजन देण्याच्या आदल्या आठवड्यात. या चार वेळा मुलाच्या रोजच्या सरावाच्या वहीत आधीच खुणावून ठेवाव्यात आणि त्या काळात रोज दहा मिनिटे त्याच्याशी बोलावे, शक्यतो वेळेचा आणि पदकाचा विषय न काढता.

सुरुवात जन्मदाखल्यापासून

उत्तेजकांच्या कितीतरी आधी येते ती वयचोरी, आणि ती मूल एकटे करूच शकत नाही. चौदा वर्षांखालील गटात सोळा वर्षांचा मुलगा उतरवायचा तर दाखला मोठ्या माणसांनाच बदलावा लागतो. मुलाला त्याची खरी जन्मतारीख लपवायला शिकवणारे आईवडील पुढे त्याच्याकडून औषधांबाबत खरेपणाची अपेक्षा कशी ठेवणार? मी तरी अशी अपेक्षा पूर्ण झालेली पाहिलेली नाही.

यासाठी करायचे ते सोपे आहे. ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा मूळ जन्मदाखला काढून घ्यावा, शाळेच्या नोंदवहीतली आणि आधार कार्डावरची तारीख त्याच्याशी जुळते का ते पाहावे आणि जुळत नसेल तर पहिल्या स्पर्धेच्या आधीच रीतसर दुरुस्ती करून घ्यावी. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजे लिहिलेली एक जूनची तारीख आजही अनेक घरांत सापडते. ती चूक प्रामाणिक असली तरी पुढे संशयाला कारण ठरते. क्रिकेटमध्ये सोळा वर्षांखालील मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय तपासले जाते. २०२० मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने स्वतःहून चूक कबूल करणाऱ्यांना खऱ्या वयाच्या गटात खेळू देण्याची आणि न करणाऱ्यांवर दोन वर्षांची बंदी घालण्याची योजना आणली होती. चूक आधीच झाली असेल, तर पकडले जाण्याची वाट न पाहता संघटनेला लेखी कळवणे हाच मार्ग आहे.

औषधाची सवय

इथे मला थोडे थांबून सांगायचे आहे, कारण आपल्याकडे सर्वाधिक घोळ इथेच होतो.

उत्तेजकविरोधी नियमांचा पाया असा आहे की खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार असतो. औषध कोणी दिले आणि ते काय आहे हे त्याला माहीत होते का, या गोष्टी शिक्षा ठरवताना विचारात घेतल्या जातात. दोष मात्र तेवढ्याने टळत नाही. विरारच्या मैदानांवर वाढलेला आणि भारताकडून कसोटीत पदार्पणातच शतक ठोकलेला पृथ्वी शॉ याच्या नमुन्यात २०१९ मध्ये टर्ब्युटालीन हे निषिद्ध द्रव्य सापडले. ते खोकल्याच्या औषधातून आले, हा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला आणि तरीही त्याला आठ महिन्यांची बंदी सोसावी लागली. ती बातमी आली त्या संध्याकाळी मी घरातले औषधांचे कपाट उघडले. काही महिन्यांपूर्वी जिल्हा स्पर्धेच्या आदल्या रात्री खोकणाऱ्या एका मुलाला मीच मेडिकलमधून आणून दिलेल्या औषधाची अर्धी बाटली तिथे तशीच होती. बारीक अक्षरांत घटकद्रव्यांच्या दुसऱ्या ओळीत टर्ब्युटालीन सल्फेट असे लिहिले होते. मी ती बाटली त्या मुलाच्या हातात देण्यापूर्वी एकदाही वाचली नव्हती. त्या दिवशी तिथे चाचणी झाली नाही म्हणून तो मुलगा वाचला. त्यात माझे श्रेय काहीही नव्हते.

तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला औषध वाचायला शिकवतो. पाकिटावर ठळक अक्षरांत असते ते कंपनीने ठेवलेले नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरांत असते ते औषधाचे मूळ नाव. आपल्याला दुसरे हवे असते. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या औषधात शेवटी एखादे अक्षर वाढले की घटक बदलतात, हे मुलांना दोन बाटल्या शेजारी ठेवून दाखवावे. हे मूळ नाव जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या, प्रतिबंधित यादीशी ताडून पाहायचे. ही यादी दरवर्षी नव्याने निघते आणि १ जानेवारीपासून लागू होते, त्यामुळे गेल्या वर्षी चालत होते म्हणून यंदाही चालेल असे गृहीत धरू नये. ट्रॅमाडॉल हे तीव्र वेदनेवरचे औषध २०२४ पासून स्पर्धेच्या काळात निषिद्ध झाले, हे त्याचे ताजे उदाहरण आहे. ‘नाडा’चे औषधे तपासण्याचे मोबाइल ॲपही आहे, ते मुलाच्या आणि पालकाच्या, दोघांच्याही फोनमध्ये असावे.

डॉक्टरांकडे गेल्यावर तक्रार सांगण्यापूर्वीच ‘मी स्पर्धा खेळतो आणि माझी उत्तेजक चाचणी होऊ शकते’ हे वाक्य बोलायला मुलाला शिकवावे. हे वाक्य त्याने स्वतः बोलावे, आईने त्याच्या वतीने बोलू नये, कारण बाहेरगावी शिबिरात आई बरोबर नसते. निषिद्ध औषध खरोखर गरजेचे असेल तर ते नाकारण्याचे कारण नाही. मधुमेही मुलाला इन्सुलिन घ्यावेच लागते. अशा वेळी उपचारासाठी सूट मागण्याचा अर्ज तपासणीच्या कागदपत्रांसह, शक्य तेव्हा स्पर्धेच्या किमान तीस दिवस आधी करायचा असतो. दम्याच्या पंपातले सॅल्ब्युटामॉल ठरावीक मात्रेपर्यंत चालते, त्याच औषधाची गोळी मात्र चालत नाही. म्हणून ‘दम्याचे औषध चालते’ अशा ऐकीव माहितीवर विसंबू नये.

घरातल्या दुसऱ्या माणसाचे औषध खेळाडूने घेऊ नये, हा नियम भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे. रशियाची फिगर स्केटर कामिला वालियेव्हा पंधरा वर्षांची असताना तिच्या नमुन्यात हृदयविकारावरचे ट्रायमेटाझिडीन सापडले. ते आजोबांच्या औषधातून आल्याचा दावा क्रीडा लवादापुढे, म्हणजे खेळांतले वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायमंडळापुढे, सिद्ध होऊ शकला नाही आणि २०२४ मध्ये तिला चार वर्षांची बंदी झाली. आजीची रक्तदाबाची गोळी, बाबांची पाठदुखीची गोळी, काकांचे सर्दीचे औषध, या सगळ्यांना हेच लागू होते. लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइडसारखी औषधे वजन कमी करण्यासाठी घेतली जातात आणि ती इतर औषधांचा माग पुसू शकतात, म्हणून ती स्पर्धेतच नव्हे तर एरवीही निषिद्ध आहेत.

आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक, हा समजही सोडून द्यावा. कोकणात आणि घाटावर ज्याला आपण काजरा किंवा कुचला म्हणतो, त्याच्या बियांत स्ट्रिक्नीन असते. शुद्ध केलेला कुचला काही पारंपरिक औषधांत वापरतात आणि स्ट्रिक्नीन प्रतिबंधित यादीत आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला वाटेत त्याच्या मदतनिसांनी हेच स्ट्रिक्नीन ब्रँडीबरोबर पाजले होते आणि तो अंतिम रेषेवर मरणाच्या दारात पोचला होता. तेव्हा ते घेण्यास बंदी नव्हती, एवढाच काय तो फरक.

आता इंजेक्शनाविषयी. गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यातल्या व्यायामशाळांत आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांत मेफेन्टरमाइनच्या कुप्या पोचल्या आहेत. पुण्यासह अनेक ठिकाणी पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने त्या पकडल्या आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब खाली गेला तर तो वर आणण्यासाठी हे औषध असते. धडधाकट मुलाने ते टोचून घेऊन सोळाशे मीटर धावणे म्हणजे आधीच वेगाने चालणाऱ्या हृदयाला आणखी चाबूक मारणे आहे. या बाबतीत मी कोणतीही सवलत ठेवत नाही: रुग्णालयाबाहेर, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, कोणतीही सुई अंगाला लागू द्यायची नाही, मग ती ‘व्हिटॅमिन’ची असली तरीही.

पावडरीचा डबा

मला भेटणारे बहुतेक पालक पहिला प्रश्न पावडरीचाच विचारतात. माझे उत्तर असे असते की अठरा वर्षांखालील मुलाला तिची गरज क्वचितच असते. दूध, अंडी, शेंगदाणे, डाळी, उसळी, ज्वारी-बाजरीची भाकरी आणि आठ तासांची झोप यांतून त्याची बहुतेक गरज भागते. ज्या पैशांत डबा येतो त्या पैशांत महिनाभराची अंडी येतात.

तरीही घ्यायचेच असेल, तर २०११ सालची गोष्ट लक्षात ठेवावी. आदल्या वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत चार गुणिले चारशे मीटर रिलेचे सुवर्णपदक जिंकलेल्या संघातील तिघींसह सहा भारतीय धावपटू स्टेरॉइडच्या चाचणीत दोषी आढळल्या. प्रशिक्षकांनी दिलेल्या जिनसेंगच्या पूरक आहारातून ते आले, असे त्यांचे म्हणणे होते. प्रशिक्षकांना काढून टाकण्यात आले, पण शिक्षा धावपटूंनाही झाली. ती आधी एक वर्षाची होती, क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली आणि लंडन ऑलिंपिक त्यांच्या हातून गेले.

एकदा एक मुलगी असाच डबा घेऊन माझ्याकडे आली. शहरातल्या एका दुकानातून तिच्या मामांनी तो आणला होता. झाकणाखालचे चंदेरी आवरण एका बाजूला सुटलेले होते, डब्यावरच्या कागदाचा कोपरा नखाने उचलला तर खाली दुसराच कागद निघाला आणि दोन्हींवरच्या तारखा वेगळ्या होत्या. ‘सर, पंधरा दिवस झाले घेतेय,’ ती म्हणाली. आम्ही तो डबा फेकला नाही. त्याचे चारही बाजूंनी फोटो काढले, उरलेल्या पावडरीसह तो बांधून बाजूला ठेवला आणि सुरू केल्याची तारीख तिच्या वहीत लिहिली, कारण पुढे काही निघालेच तर ते कुठून आले हे दाखवायला तोच एक पुरावा असतो. प्रत्येक डब्याच्या बाबतीत हे करावे: पक्की पावती घ्यावी, बॅच क्रमांकाचा फोटो काढावा आणि शक्य असेल तर प्रत्येक बॅच स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासून प्रमाणित केलेले उत्पादनच निवडावे. तसे प्रमाणपत्रही धोका कमी करते, नाहीसा करत नाही, हे मुलाला स्पष्ट सांगावे.

पाण्याच्या बाटलीबाबतही असेच आहे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी निवडले गेल्यानंतर मेथॅनडायनोन या स्टेरॉइडच्या चाचणीत अडकले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, हे त्यांचे म्हणणे देशातल्या समितीने मान्य केले, पण क्रीडा लवादाने पुराव्याअभावी ते फेटाळले आणि रिओतल्या लढतीच्या आदल्या दिवशी त्यांच्यावर चार वर्षांची बंदी आली. उघडी राहिलेली बाटली पुन्हा तोंडाला लावू नये, दुसऱ्याच्या बाटलीतून पिऊ नये, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडावे.

चाचणीची रंगीत तालीम करा

दिल्लीतली ती मुले पळाली, त्यांतल्या प्रत्येकाच्या शरीरात काही असेलच असे मी म्हणणार नाही. चाचणी म्हणजे नेमके काय, हे ठाऊक नसल्यामुळेही मुले घाबरतात. मात्र नमुना देण्याचे टाळणे किंवा नाकारणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला चार वर्षांपर्यंत बंदी होऊ शकते. म्हणून वर्षातून एकदा मैदानावर याची रंगीत तालीम करावी.

खेळाडूला चाचणीसाठी निवडल्याचे कळवले जाते, तेव्हा अधिकाऱ्याचे ओळखपत्र पाहण्याचा त्याला हक्क आहे. तिथून पुढे नमुना देईपर्यंत एक व्यक्ती त्याच्याबरोबर राहते. पदक स्वीकारण्यासाठी, दुखापतीवर उपचारांसाठी किंवा राहिलेली शर्यत धावण्यासाठी तिच्या देखरेखीखाली जाता येते. खेळाडू आपल्यासोबत प्रतिनिधी नेऊ शकतो आणि अल्पवयीन खेळाडूने तो न्यावाच. खोलीत गेल्यावर सीलबंद भांड्यांतून एक तो स्वतः निवडतो. किमान ९० मिलिलिटर लघवी द्यावी लागते आणि ती देताना त्याच लिंगाची अधिकारी व्यक्ती समोर उभी राहून पाहते. कपडे छातीपासून गुडघ्यापर्यंत बाजूला करावे लागतात. ही गोष्ट मुलींना तर घरी आईने किंवा मैदानावर बाईंनी आधी शांतपणे सांगितलीच पाहिजे. पहिल्यांदाच, परक्या शहरात, अनोळखी खोलीत ती कळली तर मुलगी हादरून जाते, हे मी पाहिले आहे.

त्यानंतर नमुना ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत खेळाडू स्वतःच्या हाताने ओततो, झाकणे स्वतः घट्ट करतो आणि बाटल्यांवरचे आकडे अर्जावरच्या आकड्यांशी जुळवतो. तालमीत मी चहाचे पाणी आणि दोन बरण्या वापरतो. मुले आधी हसतात, मग आकडे जुळवताना गंभीर होतात. गेल्या सात दिवसांत घेतलेली सर्व औषधे आणि पूरक आहार अर्जावर लिहायचे असतात, म्हणूनच वही जवळ हवी. काही खटकले असेल, सील सैल वाटले असेल किंवा कोणी घाई केली असेल, तर शेऱ्याच्या जागी ते लिहूनच सही करावी. नमुना पातळ असेल तर पुन्हा द्यावा लागतो, त्यामुळे लवकर सुटका व्हावी म्हणून ढसाढसा पाणी पिऊ नये.

काय दिसले तर विचारावे

पाठीवर आणि खांद्यांवर अचानक उठलेले मोठे फोड, दोन महिन्यांत वाढलेले सहा-सात किलो वजन, मुलीचा जड झालेला आवाज किंवा थांबलेली पाळी, मुलाचा विनाकारण चढणारा पारा, कुलूप लावलेली पिशवी, कोपराजवळ किंवा मांडीवर सुईच्या खुणा: यांतले एकच चिन्ह पाहून आरोप करू नये, कारण फोड आणि चिडचिड हे वयाचेही असतात आणि पाळी अतिव्यायामानेही थांबते. पण दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर त्याच आठवड्यात बोलावे. ‘तू काही घेतोस का?’ असा प्रश्न विचारला की उत्तर नकारार्थीच येते. ‘तुला कोणी काही देऊ केले का?’ असे विचारल्यावर मुले बोलतात, असा माझा अनुभव आहे, कारण त्या प्रश्नात दोष दुसऱ्याकडे जातो आणि मुलाला दार उघडे दिसते. त्याने कबूल केले तर सर्वांत आधी डॉक्टरांकडे न्यावे. शिक्षेचे आणि संघटनेचे नंतर पाहता येते.

प्रशिक्षक निवडतानाही असेच उघड विचारावे. तुमच्या मुलांना तुम्ही कोणती पूरके देता, ती कुठून आणता, आमच्या मुलाला काही देण्यापूर्वी आम्हाला लेखी कळवाल का, असे थेट प्रश्न करावेत. चांगला प्रशिक्षक यावर रागावत नाही. जो रागावतो, त्याच्या हाती मूल सोपवू नये. अल्पवयीन खेळाडूला निषिद्ध द्रव्य देणाऱ्या प्रशिक्षकावर किंवा डॉक्टरवर आजीवन बंदी येऊ शकते, हेही त्यांच्यासमोर बोलायला हरकत नाही.

नोटीस आलीच तर

‘नाडा’ची नोटीस हातात पडली की घरात रडारड होते आणि त्या गोंधळात मुदती निघून जातात. नोटीस मिळाल्याची तारीख आधी लिहून ठेवावी. खेळाडूला ‘बी’ नमुना तपासून घेण्याचा, प्रयोगशाळेची कागदपत्रे मागण्याचा आणि सुनावणीत बाजू मांडण्याचा हक्क असतो. चूक खरोखर झाली असेल, तर आरोपपत्र मिळाल्यापासून वीस दिवसांत ती कबूल करून शिक्षा स्वीकारल्यास चार वर्षांच्या बंदीत एक वर्षाची सूट मिळते. कोणी औषध पुरवले हे सांगून तपासाला ठोस मदत केल्यास आणखी सवलत मिळू शकते. सोळा वर्षांखालील खेळाडूंसाठी नियम काहीसे वेगळे आहेत, म्हणून वय सिद्ध करणारा तोच जन्मदाखला इथेही लागतो. खोट्या चिठ्ठ्या, मागील तारखेची प्रमाणपत्रे आणि साक्षीदारांवर दबाव यांतून नवा गुन्हा उभा राहतो. अमेरिकेची मॅरियन जोन्स २००८ मध्ये तुरुंगात गेली ती तपास अधिकाऱ्यांशी खोटे बोलल्याबद्दल.

‘तो घेतो, मग मी का नको?’

हा प्रश्न प्रत्येक प्रामाणिक खेळाडू कधी ना कधी विचारतो आणि त्याला टाळू नये. ‘तुझा गैरसमज आहे’ असे म्हणून तर मुळीच टाळू नये, कारण २०२३ मध्ये भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ नमुन्यांत निषिद्ध द्रव्ये सापडली आणि मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. मूल जे पाहते ते बऱ्याचदा खरे असते. मी त्याला अंजू बॉबी जॉर्जची हकीकत सांगतो. २००५ मध्ये मोनाकोतल्या जागतिक ॲथलेटिक्स अंतिम स्पर्धेत लांब उडीत तिला रौप्य मिळाले. सुवर्ण जिंकलेल्या रशियाच्या तातियाना कोतोव्हाचा त्या वर्षीचा जतन केलेला नमुना पुढे पुन्हा तपासला गेला, त्यात निषिद्ध द्रव्य सापडले आणि २०१४ मध्ये अंजूचे रौप्य सुवर्ण झाले. नऊ वर्षे लागली, आणि सुवर्ण विजेती म्हणून त्या दिवशी व्यासपीठावर उभे राहणे तिला परत मिळाले नाही. हा दुसरा भागही मी गाळत नाही, कारण मुलांना अर्धी गोष्ट सांगितलेली लगेच कळते.

त्यानंतर आम्ही काहीतरी हाताने करतो. कोणाविषयी खात्रीलायक माहिती असेल, तर ‘नाडा’कडे नाव गुप्त ठेवून ती कळवता येते. काय पाहिले, कुठे, कोणत्या तारखेला, एवढेच लिहायचे. ऐकीव गोष्टी आणि नावडत्या मुलांची नावे घालायची नाहीत. ते लिहून झाले की मुलाने आपली वही उघडायची आणि आजचे पान भरायचे: पहाटेचा सराव, वेळ, झोप, खाणे, आणि औषधाच्या रकान्यात जे असेल ते. बहुतेक दिवशी त्या रकान्यात ‘काही नाही’ असे लिहिलेले असते आणि त्याखाली मुलाची स्वतःची सही असते.